सदतीस पहिले नंबर आणि एक शिधा

सागाच्या एका दाट जंगलात भेकराची एक पोर आपल्या आईसोबत राहत असे. भेकर हे हरणांपैकीच, पण अंगाने लहान आणि स्वभावाने बुजरे. ही पोर मात्र शाळेत कधी बुजली नाही. कासव गुरुजींच्या शाळेत दरवर्षी तिचाच पहिला नंबर येई. गुरुजींनी प्रश्न विचारायचा अवकाश, की तिचे कान उभे राहत आणि उत्तर तयार असे.

तिला वैद्य व्हायचे होते. आईच्या मागच्या पायाचा खूर दोन वर्षांपासून सडत चालला होता आणि त्या जंगलात औषध जाणणारे कोणीच नव्हते. डोंगरापलीकडे मोठ्या तळ्याकाठी एक विद्यालय होते. तिथे झाडपाल्याची विद्या शिकवत. पोरीला तिथे प्रवेशही मिळाला. पण मुलांनो, तळ्याकाठी सगळा खडक. चरायला काही नाही. अर्ध्या वर्षाचा शिधा विद्यालय देणार होते, उरलेला तिने आणायचा होता. लंगडणारी आई तो कुठून गोळा करणार? शिध्याची सोय झाली नाही, तर मिळालेली जागा दुसऱ्याला जाणार होती.

अशा मुलांसाठी दूरदूरच्या वस्त्या दरवर्षी एकेका विद्यार्थ्याला शिधा देत. मधमाश्या देत, बगळे देत, पाणमांजरे देत, मुंग्या देत. सागाच्या कोवळ्या पानावर काट्याने ओरखडले की लाल अक्षरे उमटतात. तसा अर्ज लिहून पाठवायचा आणि वाट पाहायची.

"तुला नाही द्यायचं, तर मग द्यायचं तरी कोणाला?" आई म्हणाली. पोरीलाही तसेच वाटत होते. तिने एक सुंदर पान लिहिले, 'मी शाळेत पहिली आहे. मी मेहनती आहे. मला शिकण्याची आवड आहे. मला संधी मिळाल्यास मी तिचे सोने करीन.' मग त्याच पानावरून तिने आणखी तीन पाने उतरवून काढली. एकाही पानावर खाडाखोड नव्हती.

गुरुजींची शिफारसही लागत होती. गुरुजींच्या शाळेत दोनशे मुले होती. ते मान बाहेर काढून म्हणाले, "ठेव तिथं, लिहितो." संध्याकाळी त्यांनी लिहिले, 'विद्यार्थी हुशार, नम्र व होतकरू आहे.' गेली वीस वर्षे ते सगळ्यांसाठी हेच लिहीत आले होते. त्यांचा त्यात काही वाईट हेतू नव्हता. ते फार दमलेले होते.

टपाल नेण्याचे काम कावळ्याकडे होते. सर्वांत आधी मधमाश्यांचे पान परत आले.

"मुदत संपली म्हणे," कावळा म्हणाला. "पळस फुलायच्या आत पाहिजे होतं."

"पण काका, तेव्हा तर माझी वार्षिक परीक्षा होती!"

"मधमाश्यांना काय त्याचं? त्यांची तेव्हा फुलं होती."

मग बगळ्यांचे उत्तर आले, 'यंदा चांगले अर्ज फार आले. आपणांस शुभेच्छा.' पाणमांजरांनी उत्तरच दिले नाही. पोर रोज सकाळी उंबराखाली उभी राहून कावळ्याची वाट बघे. कावळा लांबूनच मान हलवे, म्हणजे तिला समजे. हळूहळू तिने उभे राहणे सोडले. ती बसूनच वर बघू लागली.

"आता मुंग्यांचं तेवढं राहिलं," एक दिवस कावळा म्हणाला. "उद्या त्यांच्याकडे पानं वाचणार आहेत. इथं बसून झुरण्यापेक्षा स्वतःच्या डोळ्यांनी बघून तरी ये. नकार कसा शिजतो ते तरी कळेल."

मुंग्यांची वस्ती एका वडाखाली होती. मुंग्यांना बसून वाचायला सवड नसते. म्हणून त्यांची रीत अशी होती, की रांगेच्या टोकाला एक म्हातारी मुंगी पान वाची आणि वाचलेले पुढच्या मुंगीच्या कानात सांगे. ती आपले ओझे नेता नेता पुढचीला सांगे, ती तिच्या पुढचीला. असे करत करत निरोप बिळातल्या राणीपर्यंत जाई. राणीपर्यंत जे पोचेल, त्यावरच निवड होई.

पोर रांगेच्या मध्यावर, एका मुळाआड उभी राहिली. तिच्यासमोरच्या मुंग्या बोलत होत्या.

"वानराचा मुलगा. पहिला. मेहनती."

"पुढचा?"

"ससा. पहिला. मेहनती."

"आणखी एक पहिला? बरं. पुढचा?"

"मोराची मुलगी. पहिली. सोनं करणार आहे."

"किती जणं सोनं करणार आहेत गं आज?" एक मुंगी म्हणाली आणि तिच्या मागच्यापुढच्या हसल्या.

थोड्या वेळाने तिचे स्वतःचे पान आले. ते तिला ओळखूसुद्धा आले नाही. "भेकर. पहिली," एवढेच एक मुंगी म्हणाली आणि दाणा उचलून पुढे गेली. रात्ररात्र जागून केलेला अभ्यास, पाठ केलेल्या दीडशे वनस्पती, खाडाखोड नसलेली अक्षरे, यातले रांगेच्या मध्यापर्यंतसुद्धा काही पोचले नव्हते.

मग रांग अचानक अडखळली.

"साळिंदर. वर्गात अकरावा."

"अकरावा? मग पाठवलं कशाला?"

"ऐक तरी. त्यांच्या वस्तीत एक आंधळा ससा आहे. हा त्याला रोज पाण्यावर नेतो. पण याचे काटे लागतात ना, म्हणून तो आंधळा पुढं चालतो आणि हा मागून वाट सांगतो. डावीकडं, उजवीकडं, दगड आहे, थांब."

"अगंबाई! आंधळा पुढं आणि डोळस मागं?"

"हो ना! आणि एकदा यानं उजवीऐवजी डावी सांगितली, तर दोघंही चिखलात."

सगळी रांग हसू लागली. जी ती मुंगी पुढचीला हे सांगायला उतावीळ झाली होती. चिखलासकट सगळे राणीपर्यंत पोचले. संध्याकाळी मुंग्यांचा शिधा साळिंदराला मिळाला.

भेकराची पोर रांगेच्या टोकाशी गेली. "आजी, तो अकरावा होता," ती म्हातारी मुंगीला म्हणाली. "मी पहिली आहे."

"बाळा, चाळीस पानं आली. त्यातले सदतीस पहिले." म्हातारी मुंगी दिवसभर वाचून थकली होती. "प्रत्येक जंगलात एक शाळा असते आणि प्रत्येक शाळेत एक पहिला असतो. तुझ्या शाळेत तू एकटी होतीस. इथं नाहीस."

"मग पहिल्यांमधून सगळ्यांत हुशार निवडायचा ना!"

"कशावरून निवडू? सगळ्यांची पानं सारखीच. आम्ही काय विचारलं होतं, ते तरी वाचलंस का?"

पोरीने ते वाचले होते, पण लक्ष दिले नव्हते. मुंग्यांनी विचारले होते, 'तुम्ही कोणाचे ओझे वाहता?' आणि तिने उत्तरात आपला नंबर लिहिला होता.

"म्हणजे नीट उत्तर लिहिलं असतं, तर मला मिळाला असता?"

म्हातारी मुंगी खोटे बोलली नाही. "कदाचित मिळाला असता. कदाचित नसता. शिधा एक आहे आणि मागणारे चाळीस. नीट लिहिणाऱ्यांनाही आम्ही दरवर्षी परत पाठवतो. मला ते आवडत नाही. जा आता, अंधार पडेल."

परतताना कावळा तिला म्हणाला, "वाळवीचा एक शिधा असतो बघ. लहानसा. दोनच महिन्यांचा, वारुळावरच्या वाळवलेल्या अळंब्यांचा. म्हणून कोणी मागत नाही. पाच दिवस आहेत मुदतीला."

"दोन महिन्यांनी काय होणार, काका?"

"दोन महिने होणार," कावळा म्हणाला.

वाळवीचा प्रश्न होता, 'असे एक काम सांगा, जे तुम्हाला जमले नाही.'

पोर दोन दिवस कोरे पान पुढे घेऊन बसली. "आई, मला न जमलेलं असं काही नाहीच," ती वैतागून म्हणाली. "शाळेत मी कधी चुकलेच नाही."

आई चारा आणायला उठली. उठताना तिचा पाय दुखला आणि तिने दात आवळले. पोर त्या पायाकडे बघत राहिली.

दोन वर्षे ती त्या खुराला कसकसल्या मुळ्या बांधत होती. कोणी सांगेल ती मुळी ती उगाळून लावी. एकीने आग झाली, एकीने सूज आली, एकीने आठ दिवस बरे वाटले आणि मग पुन्हा तेच. हे तिने कोणालाच सांगितले नव्हते. शाळेत तर नाहीच.

"आई, मी हे लिहू?"

"काही नको." आईचा आवाज एकदम कडक झाला. "आपल्या घरातलं दुखणं परक्यांच्या दारात मांडायचं? उद्या ती सगळी वाळवी म्हणेल, बघा, पाय दाखवून मागते आहे."

"मी पाय दाखवून मागत नाहीये गं. मला काय जमलं नाही, ते त्यांनी विचारलंय. मला हेच जमलं नाही."

आईने तोंड फिरवले. पोरीने पान पुढे ओढले आणि लिहायला सुरुवात केली. पहिल्यांदाच तिच्या पानावर खाडाखोड झाली. लिहून झाल्यावर तिने ते मोठ्याने वाचले, 'मी आईच्या खुराला नऊ मुळ्या लावून पाहिल्या. आठ चुकल्या, एकीने आठच दिवस बरे वाटले. सातवीने आईचा पाय इतका सुजला, की ती तीन दिवस उठली नाही. मी घाबरले आणि कोणाला काही बोलले नाही. त्यानंतर मी प्रत्येक मुळी आधी स्वतःच्या पायाला लावून बघू लागले.'

आई पाठमोरीच होती. मग ती म्हणाली, "सातवीनं नाही. पाचवीनं. सातवीनं नुसती आग झाली होती."

पोरीने सातवी खोडून पाचवी लिहिले.

मग ती कासव गुरुजींकडे गेली. ते पान तिने त्यांना वाचायला दिले आणि म्हणाली, "गुरुजी, हे वाचून मग शिफारस लिहाल का? वेळ लागला तरी चालेल." गुरुजींनी दोनदा वाचले. मग ते म्हणाले, "तू मागच्या पायानं लंगडत वर्गात यायचीस, ती यामुळं होय? मला वाटलं, काटा रुतला असेल." त्या दिवशी त्यांनी तिच्यासाठी सहा ओळी लिहिल्या.

वाळवीकडे त्या वर्षी फक्त सात पाने गेली होती. दोन महिन्यांचा शिधा भेकराच्या पोरीला मिळाला. तिने आणखी तीन ठिकाणी अर्ज पाठवले, प्रत्येकाचा प्रश्न वाचून, प्रत्येकाला वेगळे पान लिहून. दोघांनी नकार दिला. तिसऱ्याचे उत्तर अजून यायचे होते. विद्यालयाने सांगितले, की आहे तेवढ्यावर ये, बाकीचे इथून बघू. म्हणजे जागा गेली नाही, पण वर्षही पुरे भरले नाही.

निघायच्या दिवशी, शाळेत नंबराने तिच्या खालोखाल असलेला सशाचा मुलगा धावत आला. "ताई, यंदा माझा पहिला नंबर येणार! तुझं ते वाळवीचं पान देतेस? फक्त उतरवून घेतो आणि लगेच परत करतो."

पोर थकलेली होती. तरी तिला हसू आले. "ते माझ्या आईच्या पायाचं आहे रे. तुला काय उपयोग?"

"आमच्या घरी कोणाचा पाय दुखत नाही!" ससा हिरमुसला.

"दुखायलाच पाहिजे असं कुठंय? तुला काय जमलं नाही?"

सशाने खूप विचार केला. "मला... माझी धाकटी भावंडं झोपवता येत नाहीत. मी गोष्ट सांगायला लागलो की ती जास्तच जागी होतात."

"किती भावंडं?"

"अकरा."

"मग तेच लिही. आणि परीक्षेच्या आधी लिही," असे म्हणून तिने पाठीवरचे गाठोडे सारखे केले आणि ती डोंगर चढू लागली. ससा तिथेच बसून बोटांवर भावंडांची नावे मोजू लागला.

तात्पर्य एवढेच : पहिले नंबर पुष्कळांचे असतात, म्हणून देणाऱ्याने जे विचारले असेल त्याचेच, आपल्या जगण्यातले खरे उत्तर वेळेवर द्यावे, आणि तरीही नकार आला, तर देणाऱ्याकडे कमी होते असे समजावे, आपल्यात कमी होते असे नव्हे.