पोतलीचा राजा आणि खड्यांचा रांजण

पूर्वी गोदावरीच्या काठी पोतली नगरीत शतदत्त राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने त्याच नगरीच्या वेशीजवळ एका वैद्याच्या घरी जन्म घेतला होता.

शतदत्ताच्या आधी राजा असलेला त्याचा चुलता एकदा भरल्या पानावर कोसळला, तो पुन्हा उठला नाही. ते विष होते की म्हातारपण, हे कोणालाच ठरवता आले नाही. गादीवर आलेल्या पुतण्याने मात्र ते आपल्यापुरते ठरवून टाकले. त्याने रीत घातली, की राजाला जे काही द्यायचे त्याचे तीन घास देणाऱ्याने आधी त्याच्या डोळ्यांदेखत खायचे आणि मग घटकाभर थांबायचे. देणारा धडधाकट राहिला, तर राजा जेवायला बसे. याला चाखणी म्हणत. आचाऱ्याला चाखणी होती, पाणक्याला होती, राणीने विडा लावून दिला तरी तिलाही ती चुकत नसे. तोंड पोळले चुलत्याचे आणि ताक फुंकून पिऊ लागला पुतण्या.

तेवढ्या वेळात भाताचा गोळा होई आणि वरणावर साय धरे. तरी राजा पान लख्ख करूनच उठे. एकदा चाखणीतून पार पडलेले अन्न सोडण्यात त्याला शहाणपण दिसत नसे. पुढच्या पानात काय असेल कोणी सांगावे? बसताना त्याची पाठ भिंतीला असे. चालताना तो कोणालाही आपल्या मागे राहू देत नसे, आणि चालणे तरी किती, दालनापासून पालखीपर्यंत. चाळिशीत त्याचे पाय सुजले, तीन पायऱ्यांत धाप लागू लागली आणि झोप उडाली. ज्या मारेकऱ्याची तो वाट पाहत होता तो कधी आलाच नाही. त्याचे काम राजा स्वतःच बसल्या जागी उरकत होता.

वैद्य आले, पण चाखणी त्यांनाही होती. एकाने राजासाठी जालीम रेचक आणले, रीतीप्रमाणे आधी स्वतः घेतले आणि तीन दिवस अंथरूण धरले. राजाने ते विषच मानले आणि त्याला नगराबाहेर घालवले. मग वैद्य राजवाड्यावरून जाणारा रस्ताही टाळू लागले. शेवटी वज्रक नावाच्या द्वारपालाने बोधिसत्त्वाला, म्हणजे वेशीजवळच्या वैद्याला, बोलावून आणले.

वैद्याच्या हातात ना बटवा होता, ना खल. राजाच्या मनात पाल चुकचुकली.

"औषध कुठे आहे?" त्याने विचारले.

"औषध आणलं नाही, महाराज. सकाळी या दारापासून अंगणातल्या पारापर्यंत चालायचं आणि परत यायचं."

"आणि?"

"आज एवढंच."

"पारापाशी कोण आहे?"

"पिंपळ आहे, महाराज."

राजाने वज्रकाला पाठवून पिंपळाच्या फांद्या पाहून घेतल्या. मग तो म्हणाला, "आधी तू चाल."

वैद्य चालून आला. तीन घासांच्या हिशेबाने तीनदा चालून आला. तो कोसळला नाही, झाडावरून बाण सुटला नाही. तेव्हा त्याला पुढे घालून राजा निघाला आणि वैद्याचे पाऊल जिथे पडले होते नेमके तिथेच आपले पाऊल टाकीत, धापा टाकत पारापर्यंत जाऊन आला.

पंधरा दिवस वैद्याने पारापलीकडे काही सांगितले नाही. मग गजशाळेपर्यंत जायला सांगितले. पुढे एकदा तो म्हणाला, "आचाऱ्याने तीन घासांऐवजी पानातलं निम्मं अन्न चाखावं. त्याने आपलं पानही हलकं होईल." ही चाखणी अधिक पक्की, एवढेच राजाने ऐकले आणि तो खूश झाला. आणखी महिन्याने, अंधार पडल्यावर दिवे लवकर मालवावे असे ठरले. उजेड नसला की मारेकऱ्याला नेम धरता येत नाही, असे राजाने स्वतःच त्याचे कारण शोधून काढले.

चैत्रात सुरू झालेले हे सारे भाद्रपदापर्यंत चालले. सूज उतरली, झोप लागू लागली. कोणालाही बरे वाटले असते. राजाला मात्र त्याचाच घोर लागला. हा माणूस गाव मागत नाही, मोहरा मागत नाही, मोठे काही सांगतही नाही. एवढ्याशा गोष्टींसाठी कोणी रोज येते का? याला कोणी पाठवले आहे? रोज ठरल्या वेळी मला ठरल्या वाटेने नेण्यात याचा काय डाव आहे?

त्याने वज्रकाला वैद्याच्या घरावर पाळत ठेवायला लावले. आठ दिवसांनी वज्रकाने खबर आणली. "महाराज, तो रोज पहाटे घरामागच्या टेकडीपर्यंत जाऊन येतो आणि आला की ओसरीवरच्या रांजणात एक खडा टाकतो. रांजण भरत आला आहे. फक्त परवा त्याने खडा टाकला नाही."

"परवा?" राजा ताठ झाला. परवाच शेजारच्या राज्याचा दूत नगरीत आला होता. आता त्याला सगळे लख्ख दिसले. खडे म्हणजे दिवसांची मोजणी, न टाकलेला खडा म्हणजे खूण, आणि रांजण भरला की घाला.

भर दुपारची वेळ होती. वज्रक पालखी बोलवायला निघाला, तसे राजाने त्याला अडवले. भोई फितूर नसतील कशावरून? त्याने अंगावर साधी घोंगडी घेतली, तिच्याखाली तलवार धरली, वज्रकाला पुढे घातले आणि भाजीबाजार, कुंभारआळी, कापूसबाजार ओलांडून तो थेट वेशीपर्यंत आला. वैद्याच्या ओसरीला उंच सात पायऱ्या होत्या. त्या तो रागाच्या भरात चढून गेला.

वैद्य सुपात हिरडे निवडीत बसला होता. राजाने रांजण लाथेने कलंडवला. खडे ओसरीभर पसरले.

"हे खडे कशाचे? खोटं बोललास तर मान जागेवर राहणार नाही."

"माझ्या चालण्याचे, महाराज. चाललो त्या दिवशी एक टाकतो."

"आणि परवा?"

"परवा झोपून राहिलो."

"मग काय केलंस?"

"काही नाही. काल चाललो."

हे उत्तर इतके लहान होते की राजाला त्यात डाव धरता येईना. तरी त्याने तलवार बाहेर काढली. "इतके खडे? पाच महिन्यांत?"

"बारा वर्षांत," वैद्य म्हणाला. "तिशीच्या आतच मला या पायऱ्या चढवत नव्हत्या. तेव्हा मीही बरेच मोठे नेम केले आणि चार दिवसांत सोडले. मग एवढंच धरलं. आपल्या वाड्यात चाखणीची रीत आहे, महाराज. मी आपल्याला जे दिलं, त्याची चाखणी मी आधीच केली होती."

राजाने खड्यांकडे पाहिले. कोणी समोर बसवले नसताना या माणसाने बारा वर्षे चाखणी केली होती. आयुष्यात तीन घासांपलीकडे राजाने कोणाचा पुरावा मागितला नव्हता, आणि एवढा पुरावा त्याला कोणी दिलाही नव्हता.

"महाराज," वैद्याने हळूच विचारले, "आपली पालखी कुठे आहे?"

राजाने मागे वळून पाहिले. खाली सात पायऱ्या होत्या. त्यांच्या पलीकडे वेशीची वाट होती, कापूसबाजार होता, आणि पार दूर, झाडांच्या वर, त्याच्या वाड्याचा कळस दिसत होता. तो स्वतःच्या श्वासाकडे कान देऊन उभा राहिला. धाप नव्हती. त्याला फार लाज वाटली. तलवार म्यानात घालून तो खड्यांमध्येच खाली बसला.

वैद्याने तांब्यात पाणी आणले. रीतीप्रमाणे आधी तीन घोट घ्यावे म्हणून त्याने तांब्या ओठांशी नेला. राजाने हात पुढे केला, तांब्या त्याच्याकडून काढून घेतला आणि घटाघटा पाणी प्यायला.

मग दोघांनी मिळून खडे रांजणात भरले. निघताना वैद्य नेहमीसारखा पुढे होऊ लागला, तेव्हा राजा म्हणाला, "आज तू मागून ये." आणि तो भर रस्त्यातून, वैद्याकडे पाठ करून, घरी चालत गेला. त्या संध्याकाळी कित्येक वर्षांनी त्याने वाफाळता भात खाल्ला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारात उत्तिय नावाच्या भिक्खूला सांगितली. दिवसाआड जेवायचे, रात्रभर जागायचे, असे कडक नेम तो धरी आणि मोडी. शास्त्यांनी त्याला रोज सकाळी फक्त अंगण झाडायला सांगितले, तेव्हा 'मला हलका समजून टाळतात' असा संशय त्याने घेतला होता. कथा संपवून शास्ते म्हणाले, "उत्तिया, त्या जन्मी शतदत्त तू होतास. तुला माझ्याकडे घेऊन आलेला हा तुझा मित्र सोण वज्रक होता. वैद्य मी होतो. धरलेले लहान काम न सोडणे, आणि सुटले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा धरणे, याला अधिष्ठान पारमिता म्हणतात."

त्या दिवशी उत्तियाने अंगण झाडले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने केरसुणी हातात घेतली.