पायगुण आणि पॅकिंग

एक गाव होतं आणि त्या गावात पिठाची गिरणी एकच होती. गिरणी तेलाच्या इंजिनावर चाले. गिरणीवाला स्वतःला मोठा कारागीर समजे, आणि दुसरी गिरणी नसल्यामुळे गावही तसंच समजे.

त्याच्या मुलाचं लग्न झालं, घरात नवी सून आली. त्याच आठवड्यात इंजिनाच्या झाकणाखाली तेल अडवणारं पॅकिंग फाटलं आणि तेल पाझरू लागलं.

पॅकिंग बसवायची एक रीत असते. आधी जुन्याच्या चिकटलेल्या खपल्या खरवडून काढायच्या. मग पॅकिंगचा जाड कागद झाकणाच्या कडांवर ठेवून, हातोडीने हलके ठोकत ठसा घ्यायचा, ठशाबरहुकूम कापायचा, आणि समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत जायचे. गिरणीवाल्याला हे सगळं येत होतं. पण कागद संपला होता आणि बाहेर दळणाचे डबे खोळंबले होते. त्याने उरलेली एक लग्नपत्रिका घेतली, कात्रीने अंदाजाने कापली, खपल्यांवरच ठेवली आणि झाकण आवळून टाकलं.

सून पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी उभी होती. ती हळूच म्हणाली, "मामंजी, खालचं जुनं तसंच राहिलंय."

"तुझ्या बापाकडे इंजिन आहे का गं?"

"नाही."

"मग भाकऱ्या बघ."

बाजाराच्या आदल्या दिवशी सगळं तेल गळून गेलं. इंजिन कोरडंच धडधडलं आणि जाम झालं. दळणं अडकली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सासू म्हणाली, "इतकी वर्षं नीट चाललं. ही उंबरठा ओलांडून आली आणि बंद पडलं. पायगुण, दुसरं काय!"

गावाला ते लगेच पटलं. इंजिन थोड्यांनाच कळतं, पायगुण मात्र सगळ्यांना कळतो.

गिरणीवाल्याने चारचौघांत झाकण उघडलं. आतून तेलाने चिंब झालेली पत्रिका निघाली. तिच्यावर सुनेचं नाव अजून वाचता येत होतं. "घाई केली, चुकलं," एवढंच त्याने म्हणायला हवं होतं. त्याऐवजी त्याने पत्रिका उंच धरली.

"बघा! हिच्या बापाने छापलेली. पत्रिका इतकी कच्ची, तर पोरगी कशी असेल!"

लोक हसले. नवराही तिथेच होता. त्याला आवाज होता, पण तो ताटावर बसून 'वाढा' म्हणण्यापुरता.

सुनेला पेटीसकट माहेरी पोचवलं गेलं.

मग नवे भाग घालून इंजिन सुरू झालं. झाकण पुन्हा गिरणीवाल्यानेच बसवलं. या वेळी बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा होता, आणि खाली त्याच खपल्या. तेल पुन्हा गळू लागलं.

दळायला आलेली एक म्हातारी म्हणाली, "काय रे, सून तर घरात नाही. मग हा कुणाचा पायगुण?"

गिरणीवाल्याने इकडेतिकडे पाहिलं. नजर बायकोवर येऊन थांबली. "हिचाच असेल. सकाळी हीच आधी गिरणीत शिरली."

सासूच्या हातातली चाळण तशीच राहिली.

"माझा? मी आले तेव्हा या घरात साधं जातं होतं. गिरणी माझ्या डोळ्यांदेखत उभी राहिली. तेव्हा नाही म्हणालात माझा पायगुण! चांगलं झालं की तुमची अक्कल, बिघडलं की आमचे पाय? आणि मी मेली, हाच बोल आधी त्या पोरीला लावला!"

ती तडक सुनेच्या माहेरी गेली. "चल बाई घरी. चुकलं माझं."

सुनेने पाणी दिलं. मग शांतपणे म्हणाली, "सासूबाई, तुम्ही आलात, बरं वाटलं. पण ज्या लोकांसमोर माझं हसं झालं, त्यांच्यासमोर मामंजींनी सांगावं, पॅकिंग कुणी कापलं. तोवर मी येणार नाही."

"मग मीही नाही," म्हणत सासूने ओसरीवर बैठक मारली.

इकडे गिरणीत तेल गळत राहिलं. घरात बोल लावायला आता एकही बाईमाणूस उरलं नव्हतं. तेव्हा कुठे गिरणीवाल्याला स्वतःचे हात दिसले. त्याने गाव जमवलं आणि मान खाली घालून म्हणाला, "पॅकिंग मी कापलं, घाईत, चुकीचं. पोरीचा काही दोष नव्हता."

या वेळी कुणी हसलं नाही. सून परत आली, सोबत सासूही. तिने यावं की नाही, याबद्दल गावातल्या बायकांत अजून दोन मतं आहेत.

तात्पर्य: आपल्या हातांची चूक घरातल्या बाईच्या पायांत शोधू नये.