दोन मिनिटं बंद करा

स्वस्ताच्या नावाखाली गिऱ्हाइकाला मूर्ख समजता तुम्ही, सर्व्हर भाड्याने देणारे!

लिस्बनमध्ये शिकणारी शाल्मली खरे अंधांसाठी इंटरनेटवर मराठी बोलती पुस्तकं चालवायची. वर्गणीतून परवडेल असा, इतर कुणाचं काही नसलेला स्वतंत्र सर्व्हर तिने तिथल्याच एका कंपनीकडून भाड्याने घेतला. पण रोज संध्याकाळी पुस्तकं अडखळू लागली. श्रोते कंटाळून जाऊ लागले, तशी ती थेट त्या कंपनीत गेली.

मालक दुआर्ते ऐटीत म्हणाले, "मशीन अख्खं तुमचं एकटीचं आहे, बाई. तेच कमी पडतंय. दुप्पट दराचं घ्या."

"नक्की माझं एकटीचं?"

"शंभर टक्के!"

"मग दोन मिनिटं बंद करा. थांबली तर माझीच पुस्तकं थांबतील."

दुआर्तेंना नाही म्हणता येईना. त्यांनी मान हलवली.

बटणाजवळचा तंत्रज्ञ घुटमळला. "सर, आपल्या कंपनीची वेबसाइटपण यावरच आहे."