ठमाबाईची हाक

जानगिरी महाराज त्या साली पिंपळटाक गावी मुक्कामाला होते. गावाबाहेर शंकराचे देऊळ, देवळापुढे मोठा निंब आणि निंबाखाली महाराजांचे घोंगडे, एवढाच त्यांचा संसार. वाटसरूला आमटी-भाकरी मिळाल्याशिवाय ते पुढे जाऊ देत नसत आणि आमटीची डाळ निवडण्याचे काम त्यांनी कोणाला दिले नव्हते. दर्शनाला पाटील येवो की देशमुख, महाराजांच्या मांडीवर सूप असायचेच.

चैत्रातल्या एका सकाळी लवट्यांच्या अठरा गाड्या त्या निंबाशी येऊन सुटल्या. लवट्यांची भावकी बारा वर्षांतून एकदा कुलदैवताच्या डोंगरावर जमते. प्रत्येक घरचा वडील पुरुष देवापुढे उभा राहतो, आपले नाव सांगतो आणि सुपारी ठेवतो. ज्या घरची सुपारी पडली नाही, ते घर भावकीतून गळाले, असा त्यांचा दंडक.

या सुपारीपायीच ठमाबाईच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. तिचे यजमान रायाजी हे भावकीतले सर्वांत वडील. एके काळी चार गावांचे तंटे त्यांच्या ओट्यावर मिटत. पण तीन वर्षांपासून त्यांना विसरण्याचे दुखणे जडले होते. आधी शेतांची नावे गेली, मग बैलांची, मग लेकींची. दिवाळीपासून तर ते बायकोलाच अदबीने विचारू लागले होते, “तुम्ही कोणाच्या?” संधी मिळाली की उठून चालू लागत. म्हणत, “घरी जातो, आई वाट बघत असेल.” आईला जाऊन तीस वर्षे झाली होती.

वाटेत ते निघून जाऊ नयेत म्हणून ठमाबाईने त्यांच्या उपरण्याला आपल्या पदराची गाठ मारली होती. बायका म्हणत, “म्हातारीचं दुसऱ्यांदा लगीन लागलं.” ती हसण्यावारी नेई आणि हळूच गाठ चाचपून पाही.

रायाजींचा धाकटा भाऊ भिवाजी गाड्यांचा म्होरक्या होता. अंगात रग, डोक्यावर भारी पागोटे, आणि भावकीचा सगळा भार आपल्याच खांद्यावर आहे अशी चाल. निंबाखाली पन्नास माणसांत ती गाठ पाहून त्याचा पारा चढला.

“वहिनी, सोडा ती गाठ. बैल हाय का त्यो, दाव्याला बांधायला? लोक बघत्यात.”

“भाऊजी, मी पाण्याला वळले तरी जातील ते.”

“मग आणलंच कशाला? घरी कोंडून यायचं. देव माणसाची सुपारी घेतो, खुळ्याची न्हाई. तुमच्या घरची सुपारी मीच ठेवीन.”

चारचौघे हसले. लाजेने ठमाबाईचे कान तापले आणि तिने गाठ सोडली. मग नवऱ्याला तहान लागली असेल म्हणून तांब्या घेऊन ती आडावर गेली. परत आली तो जागा रिकामी.

तिने गाड्यांखाली पाहिले, देवळात पाहिले, कडब्यामागे पाहिले. “अहो, अहो” म्हणत ती धावू लागली. अहो म्हटल्यावर पाच-सहा नवरे वळले. तिचा तेवढा वळला नाही. पुरुष चहूकडे पांगले. कोणी दादा म्हणून हाका मारी, कोणी काका, कोणी आबा. सर्वांत वडील माणसाला नावाने कोण हाक मारणार? आणि रायाजींपाशी ती नातीच उरली नव्हती. भिवाजीही घोडीवर मांड टाकून निघाला. रागीट असला तरी पाठचा भाऊ होता.

ऊन डोक्यावर आले. रान उघडे, जागोजागी खोल घळी. शेवटी ठमाबाई महाराजांपुढे येऊन मटकन बसली.

“महाराज, माझा माणूस हरवला.”

महाराज डाळीतला खडा काढत म्हणाले, “हाक मारलीस का?”

“मारली. अहो म्हटलेलं त्यांना कळत न्हाई.”

“नावाने मारलीस का?”

ठमाबाईने तोंडाला पदर लावला. नवऱ्याचे नाव तोंडातून गेले की त्याचे आयुष्य घटते, हे तिला हळद लागायच्या आधीच आईने बजावले होते. लग्नात उखाण्यातून एकदा घेतले, त्यानंतर पन्नास वर्षांत नाही.

“त्यांचं औक्ष कमी हुईल, महाराज.”

महाराजांनी सूप बाजूला ठेवले. ते म्हणाले, “बाई, त्याच्यापाशी आता दुसरं काही उरलं नाही, नाव तेवढं उरलं असेल. आणि ते घेणारं कोणी नाही. तू हाक मार. त्याच्या आयुष्यातलं जे कमी होईल, ते माझ्यातलं जाईल.”

ती उभी राहिली. मग डोळे मिटून तिने हाक दिली, “रायाजी!”

आवाज म्हातारीचाच, चिरका. आडावरच्या बायकांनाही तो नीट ऐकू आला नाही. महाराज मात्र क्षणभर निंबाच्या खोडाला टेकले. चेहऱ्यावर घाम आला होता. “आता येईल,” एवढेच ते म्हणाले.

ठमाबाईला घटका वर्षासारखी गेली. तिसऱ्या प्रहरी टेकडीवरून घोडी उतरताना दिसली. घोडीवर रायाजी बसले होते आणि लगाम धरून भिवाजी अनवाणी चालत होता. पागोटे त्याच्या काखेत होते. महाराजांपुढे येऊन तो गुडघ्यावर बसला आणि सर्वांदेखत सांगू लागला.

“टेकडीपल्याड पाऊण कोसावर दादा दिसला. मी घळीच्या अलीकडं, तो पलीकडं, अगदी कडंला. दादा, दादा म्हणून घसा फोडला मी, पण त्यो चालतच हुता. एक पाऊल ऱ्हायलं हुतं. तेवढ्यात वरनं वहिनीचा आवाज आला. नाव घेतलं. दादा थबकला, ‘ओ’ म्हणला आन् मागं फिरला.” त्याने महाराजांचे पाय धरले.

महाराज म्हणाले, “मी डाळ निवडत होतो रे. हाक तिची होती. पाय धरायचे तर तिचे धर.”

भिवाजी उठला आणि भावकीच्या देखत त्याने ठमाबाईच्या पायांवर डोके ठेवले. रायाजींना काही उमगले नाही. पण कोणीतरी वाकले आहे एवढे दिसताच त्यांनी जुन्या सवयीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “सुखी ऱ्हा, बाळा.” भिवाजी हमसून रडला.

“वहिनी, गाठ मी सोडाया लावली. घात माझ्या हातनं हुणार हुता,” तो म्हणाला. “तुमच्या घरची सुपारी दादाच ठेवंल. देवापुढं त्याला नाव न्हाई आठवलं, तर मी शेजारी उभा ऱ्हाऊन सांगीन.”

ठमाबाईने डोळे पुसले, नवऱ्याचे उपरणे सारखे केले आणि म्हणाली, “नगं भाऊजी. नाव मी सांगीन.”

महाराज हसले आणि त्यांनी सूप पुन्हा मांडीवर ओढले. त्या रात्री त्यांना ताप भरला आणि तो तीन दिवस उतरला नाही. आपले आयुष्य किती गेले, हे त्यांनी कधी कोणाला सांगितले नाही.