टिल्ली उंदरीण आणि गळका पाईप

एका गल्लीत होती पत्र्याची शेड. शेडमध्ये होती एक म्हातारी टर्बो गाडी. टर्बो म्हणजे काय? गाडीच्या पोटातला भोवरा. तो फिरला की गाडी पळते, व्हूऽऽम. पण पोट फार तापतं हो. मग पाईपातून हिरवं पाणी येतं आणि पोटाला गार करतं.

गाडीखाली राहायची टिल्ली उंदरीण. तिची गादी कापसाची, मऊ मऊ. गादीवर तिची पिल्लं, गुलाबी गुलाबी.

एका सकाळी काय झालं? वरून पडलं हिरवं पाणी. टप टप. टप टप. गादी भिजली चिंब. पिल्लं रडली, चूं चूं.

"हिरवं पाणी चाटायचं नाही हं, विष असतं ते," टिल्ली म्हणाली. तिने पिल्लांना कोरड्या विटेवर ठेवलं. वीट थंडगार. पिल्लं कुडकुडली.

टिल्ली निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

"गाडीआजी, गाडीआजी, गळू नको ना.
गादी माझी वाळेना,
पिल्लं माझी निजेनात."

आजी म्हणाली, "मी काय हौसेने गळते का गं? पाईप म्हातारा झाला माझा. आधी काकांना बॉनेट उघडू दे, मग मी थांबेन."

टिल्ली निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

दिगूकाका गाडीचे मालक. ते गाडी पुसत होते, फस्स फस्स. रोज पुसायचे. बाहेरून गाडी इतकी चकचकीत, की तिच्यात बघून काका मिशी विंचरत. आत मात्र कधी बघत नसत.

"काका, काका, बॉनेट उघडा.
आजी गळायची थांबेना,
गादी माझी वाळेना,
पिल्लं माझी निजेनात."

काका म्हणाले, "गळत नाही गं, घाम येतो तिला. अशी गाडी आता शोधून सापडायची नाही. आधी मिस्त्री येऊ दे, मग मी बॉनेट उघडेन."

टिल्ली निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

उस्मानमामा मिस्त्री बाकावर बसले होते. चहा पीत होते, भुर्र भुर्र.

"मामा, मामा, चला ना.
काका बॉनेट उघडेनात,
आजी गळायची थांबेना,
गादी माझी वाळेना,
पिल्लं माझी निजेनात."

"हा काय, निघालोच," मामा म्हणाले. आणि बसूनच राहिले. "आधी नवा पाईप येऊ दे, मग मी येईन."

टिल्ली निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

हिराशेठचं दुकान गाडीच्या सामानाचं. छताला पाईपच पाईप, पडवळासारखे लोंबणारे. शेठ पंख्याखाली पेंगत होते, घुर्र घुर्र.

"शेठ, शेठ, नवा द्या.
मामा जागचे हलेनात,
काका बॉनेट उघडेनात,
आजी गळायची थांबेना,
गादी माझी वाळेना,
पिल्लं माझी निजेनात."

शेठनी एक डोळा उघडला. "कुठला पाईप? आखूड की लांब? सरळ की वाकडा? आधी जुन्याचा नमुना आण, मग मी नवा देईन."

टिल्ली परत मामांकडे गेली, तुरुतुरु तुरुतुरु.

"मामा, मामा, जुना काढा.
शेठ नवा देईनात,
मामा जागचे हलेनात,
काका बॉनेट उघडेनात,
आजी गळायची थांबेना,
गादी माझी वाळेना,
पिल्लं माझी निजेनात."

"छे छे," मामा म्हणाले. "नवा हातात आल्याशिवाय जुना काढायचा नाही. आमच्यात तशी पद्धत नाही."

झाली का पंचाईत? शेठ म्हणतात आधी जुना. मामा म्हणतात आधी नवा. सगळे एकापेक्षा एक शहाणे, आणि पाईप आपला फाटकाच. मोठी माणसं अशीच असतात, बाळांनो.

ऊन उतरलं. पिल्लांचा आवाज बारीक झाला. टिल्लीला रडूच आलं. मग तिने नाक पुसलं आणि चढली थेट पाईपापाशी.

"पाईपआजोबा, आजोबा, सुटा ना.
मामा जुना काढेनात,
शेठ नवा देईनात,
मामा जागचे हलेनात,
काका बॉनेट उघडेनात,
आजी गळायची थांबेना,
गादी माझी वाळेना,
पिल्लं माझी निजेनात."

पाईपआजोबा म्हणाले, "अगं, मी कधीचा म्हणतोय, मला सोडवा. अंगभर भेगा पडल्यात. पण मला विचारतो कोण? तुला दात आहेत ना? घे माझा तुकडा."

टिल्लीने चावा घेतला. कुरुम कुरुम. पाणी तर केव्हाच गळून गेलं होतं. थू थू, काय ती मेली चव. पण तुकडा निघाला.

शेठना नमुना मिळाला, शेठनी नवा दिला.
नवा पाईप वाकडा. टिल्लीने तो ढकलत नेला, गडगड धप्प, गडगड धप्प.
मामांना नवा मिळाला. आता सबब उरली नाही. मामा उठले.
मामा आले, काकांनी बॉनेट उघडलं, कर्रर्र.
बॉनेट उघडलं, मामांनी जुना काढला, खट्ट. नवा बसवला, फट्ट.

"बाकीचे पाईपही पिकलेत," मामा म्हणाले.

"ते बघू पुढे," काका म्हणाले.

टिल्लीने दात दाखवले.

"बरं बरं, सगळेच बदला," काका म्हणाले.

सगळे बदलले. नवं पाणी भरलं. गाडीआजी व्हूऽऽम झाली, आणि गळायची थांबली.

"आणि माझी गादी?" टिल्ली म्हणाली.

काका म्हणाले, "आधी मामा देऊ देत."

मामा म्हणाले, "आधी शेठ देऊ देत."

टिल्लीने पुन्हा दात दाखवले, सगळेच्या सगळे.

मामांनी गपचूप पिशवीत हात घातला. हात पुसायचा कापूस काढला, कोरा कोरा, ढीगभर. टिल्लीने गादी केली. पिल्लं आत शिरली, एकमेकांना बिलगली आणि निजली.

वर गाडी गप्प. खाली पिल्लं गप्प. गोष्ट सांगून आम्हीही गप्प.