पिवळं न्हाण

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा डोंगर उंच होते आणि माणसं शहाणी होती असं म्हणतात. त्यातलं दुसरं मात्र खरं नसावं.

एका डोंगरावर दाट देवराई होती. चैत्रात तिच्या फुलांतले पराग उडत आणि दरी ओलांडून पलीकडच्या नगरीत पोचत. नगरीची रीत अशी, की पहिला पिवळा वारा आला की वर्षाच्या आतलं लेकरू उघडं करून अंगणात धरायचं. याला पिवळं न्हाण म्हणत.

पुढे नगरीतल्या एका तांबटाने दरीत भट्ट्या घातल्या. भांड्यांना मागणी वाढली तशा भट्ट्या वाढल्या आणि दरी धुराने काठोकाठ भरली. धूर वर घरांत येत नसे, म्हणून कुणी कुरकुरलं नाही.

त्या चैत्रात तांबटाने आपल्या नातीला स्वतःच्या हातांनी न्हाण घातलं. वारा आला तो मळकट आणि चिकट. दिवस कलायच्या आत पोरीच्या छातीत शीळ वाजू लागली. गल्लीतल्या साऱ्या तान्ह्यांच्या छातीत तीच शीळ. जणू कुणी एकच जण घराघरांत श्वास घेत होता.

देवराई कोपली, असं लोक म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला. तांबट कुऱ्हाड घेऊन डोंगर चढला. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला माणसाला वेळ लागत नाही.

वर देवराई राखणारी म्हातारी बसली होती. तिचा पणतू परागांत लोळत होता, टाचेपर्यंत पिवळा, आणि खिदळत होता. ते पाहून तांबटाने उगारलेली कुऱ्हाड खाली घेतली.

म्हातारी म्हणाली, "झाड पाडायचं तर पाड बाबा. पण आधी या वाऱ्यासंगं चालत खाली जा."

तो उतरू लागला. पराग त्याच्या सोबतीने कुजबुजत तरंगत होते. धुराची कड आली आणि कुजबूज थांबली. आत भर दुपारी अंधार होता. धुरातली आंबट ओल एकेका कणाला बिलगली. कण फुगले, तडकले, काळवंडले. मग त्याच्या कानाशी बारीक आवाज आला, "आम्ही कोण होतो रे?"

दुसरा आवाज म्हणाला, "आम्ही तुझ्या नातीकडे निघालो होतो."

कुऱ्हाड टाकून तो धावला आणि त्याने सगळ्या भट्ट्या विझवल्या.

पुढच्या चैत्रात वारा पुन्हा पिवळा आला. अंगणात धरलेली नवी लेकरं हसली. पण तांबटाच्या नातीची शीळ काही गेली नाही. मोठी झाल्यावर ती खेळता खेळता छाती धरून खाली बसे आणि विचारी, "आबा, माझ्या आत हे कोण वाजवतं?"

तांबटाला उत्तर ठाऊक होतं. ते तिला सांगायचं धाडस त्याला मरेपर्यंत झालं नाही.

तात्पर्य: दारी आलेल्याला दोष देण्याआधी, त्याच्या वाटेत आपण काय सोडलं आहे ते पाहावं.