बिन एककाचा आलेख

"मग सही करताय ना, सर?"

केळुसकर सरांनी प्रस्तावनेचा कागद पालथा घातला. "तुझं मॉडेल काय म्हणतं, ते आधी सांग."

डॉ. पारसनीस मनातून वैतागले. वय अठ्ठावन्न, विभागप्रमुख, त्या मॉडेलवरचं पुस्तक उद्या छापायला जायचं. आणि गुरूच्या सहीवाचून प्रकाशक हलायला तयार नाही.

"तांब्याच्या ऑक्साइडमध्ये इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलत असतात, सर. तरी पदार्थ थंड केला की ते जोड्या जमवतात आणि विजेला होणारा रोध शून्य. का, ते इतक्या वर्षांत कुणाला धड सांगता आलं नाही. माझं मॉडेल सांगतं."

"सगळ्या पदार्थांचं?"

"अठ्ठावीस पदार्थ. सगळ्यांचे आलेख बसतात. प्रत्येक वेळी फक्त सात आकडे जुळवायचे."

"न बसणारा एखादा?"

गेल्या वर्षी एका पोरीने सेमिनारमध्ये हेच विचारलं होतं. पारसनिसांनी तिला इतकं छळलं, की तिने पीएचडी सोडली. सरांना छळायची सोय नव्हती.

"एकही नाही, सर."

सर उठले. खणातून आलेखाचा कागद काढला. पेन्सिलीचे ठिपके होते. बराच वेळ आडवे, मग एकदम उभा चढ, पुढे तिरके.

"हा बसव."

अक्षांवर ना नाव, ना एकक. एवढ्यासाठी पारसनीस पहिल्या वर्षाच्या पोरांचे मार्क कापायचे. आज त्यांनी विचारलंसुद्धा नाही. लॅपटॉप उघडला, ठिपके भरले आणि सात आकडे फिरवत बसले.

सर बशीतला चहा फुंकत राहिले...

"बसला! ठिपक्यांवरून रेघ गेली, सर!" पारसनीस जवळजवळ ओरडलेच. "नवा पदार्थ दिसतोय. कुणी बनवला?"

"डासाने."

"डासाने?"

"गेल्या आठवड्यातला माझा ताप आहे तो. तीन-तीन तासांनी मोजलेला."

पारसनिसांनी लॅपटॉप मिटला. पुन्हा उघडला. रेघ होती तिथेच होती, एकही ठिपका न चुकवता.

"थट्टा झाली, सर. पण सही..."

सरांनी प्रस्तावना उलटून सरळ केली. पेनाचं टोपण काढलं. मग डावं मनगट पारसनिसांपुढे धरलं.

"करतो की. उद्या ताप येईल का, तेवढं तुझ्या मॉडेलला विचारून सांग."